दाईनें सांगितलेला काव्यार्थ

जुन्या कवीचे शब्द आणि सामान्य माणसाचें घर यांमध्यें कित्येकदां शतकांचें अंतर पडतें. तें ओलांडण्याचा एक विलक्षण प्रयत्न जपानांत १८३५ च्या सुमारास झाला. त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

तेराव्या शतकांत फुजिवारा नो तेइका या दरबारी कवीनें शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडून ‘ह्याकुनिन इश्शू’ हा संग्रह सिद्ध केला. प्रत्येक कविता अवघ्या ३१ मात्रांची. पुढें या कवितांचे पत्ते निघाले. एकानें कविता वाचावी, इतरांनीं तिचा उत्तरार्ध असलेला पत्ता झटकन् उचलावा, असा नववर्षाचा खेळ घरोघर रूढ झाला. कविता तोंडपाठ झाल्या. परंतु त्यांची भाषा जुनी, त्यामुळें अर्थ मात्र दूरच राहिला.

हा अर्थ चित्रांतून सांगण्याचें काम होकुसाइ या चित्रकारानें पंचाहत्तरीच्या घरांत असतांना हातीं घेतलें. मालेच्या नांवांतच त्यानें एक गंमत केली. हा अर्थ पंडिताचा नव्हे. मुलांना सांभाळणारी दाई तो चित्रांच्या साहाय्यानें सांगत आहे! म्हणूनच दरबाराच्या जागीं येथें शेतकरी, कोळी नि वाटसरू येतात. सम्राट् तेंजी यांच्या नांवावरील पहिल्या कवितेंत दंवानें भिजलेल्या बाह्यांचा उल्लेख आहे. होकुसाइ तेथें शरद् ऋतूंतील शेत आणि त्यांत राबणारीं माणसें दाखवितो. हितोमारोनें एकाकी रात्रीच्या दीर्घतेला रानकोंबड्याच्या लांब शेपटीची उपमा दिली. चित्रांत कोळी जाळें ओढीत आहेत, आणि त्या शेपटीचा भास वर चढणाऱ्या धुराच्या वळणदार रेषेंत होतो. हें भाषांतर नव्हे, तरी कवितेचा धागा सुटलेला नाहीं.

मात्र ही माला पुरी झाली नाहीं. निशिमुराया योहाची या प्रकाशकानें ती आरंभिली; नंतर ती इसेया सांजिरो याजकडे गेली. १८३३ ते १८३७ हीं वर्षें जपानांत भीषण दुष्काळाचीं होतीं. शंभरांपैकीं प्रकाशित झालेलीं अशीं २७ चित्रेंच आज ज्ञात आहेत.

येथें लांकडी ठशांच्या कलेचें एक मर्म ध्यानांत घ्यावयास हवें. चित्रकाराचें पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर उपडें चिकटवीत, आणि कोरणारा त्या रेषांवरूनच लांकूड कोरी. ठसा तयार होई, मूळ रेखाटन नष्ट होई. मग प्रत्येक रंगासाठीं निराळी फळी लागे. अर्थात् जीं चित्रें छापलीं गेलीं, त्यांतील होकुसाइच्या हातच्या रेषा उरल्या नाहींत. उलट न छापलेलीं सुमारें साठ रेखाटनें निरनिराळ्या संग्रहालयांत आज सुरक्षित आहेत. त्या रेषा आपणांस दिसतात, याचें कारण एवढेंच कीं, ज्या एदो नगरीच्या लोकांसाठीं त्या काढिल्या होत्या, त्यांच्या हातीं तीं चित्रें कधींच पडलीं नाहींत.