अंतःक्षेपक, डीझेल

डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात उच्च दाबाने इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडणारा घटक. व्यवहारात याला इंजेक्टर म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत सर्व इंजेक्टरांना एकाच उच्चदाब नळीतून इंधन पुरवणारी कॉमन रेल पद्धत आली. तेव्हा दाब सुमारे १,३५० बार होता; आज काही प्रणालींत तो २,५०० बारपर्यंत जातो.

अभिकल्प : इंजेक्टरच्या टोकाशी असलेल्या नोझलची छिद्रे साधारण ०.१ ते ०.२ मिमी. व्यासाची असतात. इंधनाची वाट उघडणारी व बंद करणारी सुई आणि तिची मार्गिका यांतील फट काही मायक्रॉनच असते. ती वाढली तर इंधन झिरपते, कमी झाली तर सुई अडकते. म्हणून सुई व नोझल जोडीनेच जुळवतात आणि जोडीनेच बदलतात. दाब सतत चढत-उतरत असल्याने दोन छिद्रे जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या धारदार कडेपासून थकव्याचे तडे सुरू होतात. त्यावर उपाय म्हणून कडा गोलसर करतात. तसेच घटकाला आधीच अतिदाब देऊन आतील थरात संपीडन प्रतिबल कायम ठेवतात. या प्रक्रियेला ऑटोफ्रेटेज म्हणतात. धुळीचा बारीक कणही सुईवर ओरखडा पाडतो, म्हणून जुळणी धूळमुक्त कक्षात होते. महाराष्ट्रात नाशिक येथील बॉशच्या, पूर्वीच्या मायकोच्या, कारखान्यात नोझल व इंजेक्टर तयार होतात.