नजरेच्या उंचीला : ठवणीपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

वाचायची वस्तू डोळ्यांपासून किती उंचीवर असावी, हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. पोथी, खतावणी, टंकलेखनाचा कागद आणि मॉनिटर या चारही गोष्टी खाली राहिल्या तर वाचणाऱ्याला मान वाकवावी लागते. त्या वर उचलून धरण्यासाठी प्रत्येक काळाने आपापले लाकूडकाम घडवले. मराठी मुलखात या लाकूडकामाकडून दोन अपेक्षा असत. वाचणाऱ्याच्या मानेला आराम मिळावा ही एक, आणि वाचल्या जाणाऱ्या वस्तूला मान मिळावा ही दुसरी. तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्री देवघर, पोथी, दप्तर, कचेरी आणि महाविद्यालय ही सारी ठिकाणे एकाच गावात येतात. त्यामुळे हा इतिहास तिथे सलग मांडता येतो.

पाट आणि चौरंग

जमिनीवर बसणाऱ्या घरात उंची बोटांनी आणि वितींनी मोजली जाई. पाट दोन-चार बोटे उंच, चौरंग साधारण वीतभर. माणूस पाटावर बसे आणि पूजेची मांडणी चौरंगावर होई. मांडी घालून बसलेल्या माणसाचे हात सहज पोहोचतील आणि नजर फार खाली जाणार नाही, अशी ही जोडी होती. पूज्य वस्तू उघड्या जमिनीवर ठेवायची नाही, या संकेताने सोयीला शिस्तीचे रूप दिले. भवानीच्या गोंधळात चौक मांडतानाही पाट किंवा चौरंग, त्यावर वस्त्र, त्यावर धान्य आणि कलश असा चढता क्रम असतो.

तुळजाभवानीच्या मंदिरात हीच दृष्टी मोठ्या प्रमाणावर दिसते. गाभाऱ्यातील अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची मूर्ती सुमारे तीन फूट उंचीची असून ती सिंहासनावर असते. ही मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा, म्हणजे शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी, ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवली जाते. या काळाला मंचकी निद्रा म्हणतात. दसऱ्यानंतरच्या निद्रेसाठीचा पलंग अहिल्यानगरहून आणि पालखी तिथल्याच बुऱ्हाणनगरहून येते. दर्शनाची उंची वेगळी आणि विश्रांतीची वेगळी, आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र आसन, ही समज या परंपरेत पक्की आहे.

पोथीची ठवणी

पोथीच्या पानांना शिवण नसते. आडवी, सुटी पाने दोन फळ्यांत ठेवून कापडात बांधलेली असतात, आणि वाचताना एकेक पान उचलून पुढे ठेवायचे असते. अशा पानांना सपाट किंवा किंचित उतरती जागा लागते. ती जागा म्हणजे ठवणी. ठेवणे या क्रियेतूनच आलेला हा शब्द पोथी ठेवण्याच्या लाकडी घडवंचीसाठी मराठीत रुळला. ठवणी नसेल तिथे चौरंग किंवा उपडा पाट तेच काम करी. नवरात्रात सप्तशतीचे पाठ चालतात, तेव्हा तासन्‌तास बसणाऱ्या वाचकासाठी ही चार-सहा बोटांची उंची मोलाची ठरते.

पुराण सांगणाऱ्या व्यासांचे आसन आणि त्यांच्यापुढे पोथी ठेवण्याची बैठक यांना व्यासपीठ म्हणत. आज सभेच्या मंचाला हाच शब्द वापरला जातो. ग्रंथ ज्या उंचीवर ठेवायचा, तिथे पुढे वक्ता उभा राहिला.

शिवलेल्या ग्रंथाची गरज वेगळी असते. तो उघडला की मधली शिवण ताणली जाते, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी खोबण लागते. कुराणासाठी वापरली जाणारी रेहल ही गरज भागवते. अरबी भाषेत रहल म्हणजे उंटाचे खोगीर. परंपरागत रेहल एकाच फळीतून कोरली जाते. फळी जाडीच्या मधोमध दोन्ही टोकांकडून चिरतात आणि मध्यभागी एकमेकांत अडकणारे दात कापतात. खिळा किंवा डिंक न वापरता ती फुलीसारखी उघडते आणि मिटली की पुन्हा फळी होते. पाय फाकवले की ग्रंथ खाली बसतो, जवळ आणले की वर येतो. उंची बदलण्याची सोय आणि देखणेपण एकाच कापणीतून साधण्याचा हा सुंदर नमुना आहे. मराठवाडा दीर्घकाळ निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे पोथीची ठवणी आणि रेहल या दोन्ही वस्तू एकाच प्रदेशात नांदल्या.

दप्तर आणि उतरते डेस्क

हिशेब आणि पत्रव्यवहार लिहिणाऱ्या कारकुनांची बैठकही जमिनीवरच असे. मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. उभ्या केलेल्या गुडघ्यावर किंवा मांडीवर कागद धरून हे काम चाले. अशा बैठकीत गुडघा हाच टेबल असे आणि त्याची उंची लिहिणाऱ्याच्या शरीराशी आपोआप जुळलेली असे. लिहून झालेले कागद कापडी रुमालांत बांधले जात. पुण्यातील पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आजही जपलेले आहेत.

मोठ्या, बांधीव खतावण्या आणि दौत-टाक यांच्या वापराबरोबर सावकारी पेढ्यांवर आणि दुकानांत लाकडी डेस्क रुळले. हे डेस्क म्हणजे बिनपायांची पेटी. तिचे झाकण लिहिणाऱ्याकडे उतरते असे, आत शिक्के, टाक आणि रोकड राहत असे, आणि मुनीम गादीवर तक्क्याला टेकून तिच्यापुढे बसे. झाकणाच्या उतारामागे नेमका विचार होता. सपाट कागदाची वरची कड डोळ्यांपासून दूर जाते, आणि ती वाचायला धड पुढे झुकावे लागते. उतारावर कागदाच्या दोन्ही कडा डोळ्यांपासून जवळपास सारख्या अंतरावर येतात. चांगल्या डेस्कांना सागवान किंवा शिसव वापरत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या बसवत. पेढीची पत सांगणारी ती वस्तू होती.

तुळजापूर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. ते ज्या जिल्ह्यात येते त्याला पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणत. १९०४मध्ये त्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले आणि २०२३मध्ये धाराशिव. निजामाच्या अमदानीत १९०९मध्ये तुळजाभवानी मंदिराच्या कारभारासाठी ‘देऊळ-ए-कवायत’ ही नियमावली लागू झाली. लेखी नियमांबरोबर लेखी नोंदी येतात, आणि नोंदींबरोबर त्या लिहिणाऱ्याची बैठक.

टेबल, खुर्ची आणि टंकलेखन यंत्र

टेबल-खुर्ची आल्यावर उंचीचे गणित बदलले. लिहिण्याच्या टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर ठरून गेली. सगळ्यांसाठी एकच माप आल्याने ठेंगण्या माणसाचे खांदे वर चढले आणि उंच माणसाची पाठ वाकली. वितीच्या हिशेबाने घडणारे लाकूडकाम इथे पहिल्यांदा माणसापासून तुटले.

टंकलेखन यंत्राने आणखी एक धडा दिला. त्याच्या कळा टेबलाच्या पृष्ठभागापेक्षा बऱ्याच वर असतात, म्हणून टंकलेखनाचे टेबल लिहिण्याच्या टेबलापेक्षा ठेंगणे, ६५ ते ६८ सेंटिमीटरच्या आसपास ठेवत. ज्यावरून मजकूर उतरवायचा तो कागद शेजारी उभा धरण्यासाठी घोडी असे. हाताची उंची एक आणि नजरेची दुसरी, हे दोन वेगळे हिशेब टंकलेखनाच्या वर्गात स्पष्ट झाले. गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. तालुक्याच्या गावांतही टंकलेखनाचे वर्ग निघाले आणि ठेंगणी टेबले तिथवर पोहोचली.

संगणकाची पेटी

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक आणला. त्याची मुख्य पेटी आडवी होती आणि मॉनिटर तिच्यावर बसे. पेटीच्या उंचीमुळे पडदा आपोआप वर उचलला जाई, आणि सुटा कीबोर्ड खाली टेबलावर राही. हात आणि नजर यांची फारकत या रचनेत सहज झाली होती. दोनच वर्षांनी, १९८३मध्ये, तुळजापुरात मंदिर संस्थानचे श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. देवस्थानाच्या गावात तंत्रशिक्षणाची सोय झाली ती त्याच दशकात.

पुढे आडवी पेटी उभी होऊन टेबलाखाली गेली आणि मॉनिटर टेबलावर उतरला. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर खोल आणि जड असल्याने त्यांची उंची बदलणे अवघड होते. त्यांना फक्त थोडे कलते-फिरते बूड असे. त्यावर उपाय म्हणून कीबोर्ड खाली सरकवला गेला. लॅमिनेट लावलेले, सरकत्या फळीचे कॉम्प्युटर टेबल घरोघरी आले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१मध्ये झाली आणि त्यानंतर एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगाव निघाले. महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीने संगणक पहिल्यांदा हाताळला तो अशाच टेबलांवर.

सपाट पडदे आले तेव्हा वजन घटले, पण अनेक पडद्यांचे पाय आखूड राहिले. पडदा नजरेच्या खाली गेला, आणि त्याखाली जाड पुस्तके, कागदाचे गठ्ठे किंवा खोके सारण्याची पद्धत पडली. काम भागले, पण ठवणीची शान त्यात नव्हती.

यांत्रिक हात

या अडचणीवरचे एक उत्तर दिव्याकडून आले. इंग्लंडमधील अभियंता जॉर्ज कारवर्डीन याने १९३२मध्ये स्प्रिंगांनी तोललेला हात शोधला. त्यातून अँगलपॉइज दिवा तयार झाला. दिवा जिथे सोडाल तिथे थांबतो, कारण त्याचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एकमेकांना तोलतात. मॉनिटरचा आजचा हात याच तत्त्वावर चालतो, फक्त काही हातांत स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूची नळी असते. बहुतेक पडद्यांच्या पाठीमागे चार भोके असतात. ती ७५ किंवा १०० मिलिमीटर बाजूच्या चौकोनात बसवण्याचे व्हेसा हे प्रमाण सर्वमान्य झाल्यामुळे एका कंपनीचा हात दुसऱ्या कंपनीच्या पडद्यालाही सहसा जोडता येतो. अ‍ॅपलने २००२मध्ये अर्धगोल बैठकीतून वर येणाऱ्या चकचकीत हातावर पडदा बसवलेला आयमॅक आणला. उंची बदलण्याची यंत्रणा लपवायची नसते, तिलाच वस्तूचे सौंदर्य करता येते, हे त्या रचनेने दाखवून दिले.

मापाची फळी

दुसरे उत्तर सुताराकडे आहे आणि ते ठवणीच्या वंशातले आहे. दोन उभ्या बाजूंवर एक आडवी फळी, एवढीच त्याची रचना. मात्र तिची उंची माणसाच्या मापावरून ठरायला हवी. पाठ सरळ आणि तळपाय जमिनीवर टेकलेले असताना पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली यावी, आणि पडदा हातभर अंतरावर असावा, हा सर्वसाधारण नियम. त्यासाठी टेबलापासून डोळ्यापर्यंतची उंची मोजायची आणि तीतून पडद्याच्या वरच्या कडेची उंची वजा करायची. डोळा टेबलापासून ४६ सेंटिमीटरवर आणि पडद्याची कड ३६ सेंटिमीटरवर असेल, तर फळी १० सेंटिमीटरची हवी. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी पडदा याहून खाली ठेवावा. नाही तर भिंगाच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते.

परदेशी मापांवर घडलेले सामान इथल्या शरीराला नेहमीच बसते असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच गरजेतून. गावातल्या सुताराला मात्र समोर बसलेल्या माणसाचे माप पुरते.

देखणेपणासाठीही दूर जाण्याची गरज नाही. सागवानी फळीला रंधा नीट मारून तेल चोळले तरी ती टेबलावर शोभते. बाजूच्या फळ्या दात कापून जोडल्या तर खिळ्याचे डोके दिसत नाही. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांचे रंगीत पाट आणि चौरंग प्रसिद्ध आहेत. त्या धर्तीवर रंगवलेला ठेंगणा चौरंग मॉनिटरखाली तितक्याच सहजतेने बसतो, आणि त्याच्या पोटात कीबोर्डही सरकतो. पोथीखाली असो की पडद्याखाली, वाचणाऱ्याच्या मापाने घडलेला चौरंग मानेला आराम देतो आणि वस्तूला मान.