कोल्स काउंटीतले लिंकन

१/ अब्राहम लिंकन यांची दोन विधाने समाजमाध्यमांवर आलटून पालटून फिरत असतात. एका विधानात ते गुलामगिरी चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा अर्थाचे बोलतात. दुसऱ्यात ते कृष्णवर्णीयांना मतदार वा न्यायपंच करण्याच्या आपण बाजूचे नाही, असे जाहीर करतात. पहिले वाचणारा त्यांना मुक्तिदाता ठरवतो, दुसरे वाचणारा दांभिक. अडचण अशी की दोन्ही विधाने अस्सल आहेत. पहिले १८६४ मधील एका पत्रातले, दुसरे १८५८ मधील एका सभेतले.

२/ ही सभा जिथे झाली, त्या भूभागापासूनच आज सुरुवात करू. इलिनॉय राज्याच्या पूर्व भागात कोल्स नावाची काउंटी आहे. तिचे मुख्य ठिकाण चार्ल्सटन. (दक्षिण कॅरोलिनातले, यादवी युद्धाची ठिणगी पडली ते चार्ल्सटन वेगळे.) लिंकन येथे कायमचे कधीच राहिले नाहीत. मात्र त्यांचे आईवडील, त्यांचा सर्वांत अडचणीचा खटला आणि त्यांचे सर्वांत अडचणीचे भाषण, हे सारे याच एका काउंटीत सापडते.

३/ प्रथम भूगोल. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या वटहुकमाने ओहायो नदीच्या उत्तरेकडे गुलामगिरीस मनाई केली. नदीच्या दक्षिणेस केंटकी, जिथे ती कायदेशीर होती. कागदावर ही रेषा ठळक होती. प्रत्यक्षात इलिनॉयच्या दक्षिण आणि मध्य भागात केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया येथून आलेली कुटुंबे वसली आणि आपल्या वर्णविषयक समजुतीही सोबत घेऊन आली. दीर्घ मुदतीच्या करारांच्या नावाखाली इलिनॉयमध्ये गुलामगिरीसदृश वेठ बराच काळ चालू राहिली.

४/ लिंकन कुटुंब याच स्थलांतराचा भाग होते. अब्राहम यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत झाला. १८१६ मध्ये कुटुंब इंडियानात गेले. हे स्थलांतर काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्कांतील गोंधळामुळे झाले, असे लिंकन यांनी १८६० मध्ये स्वतः नोंदवले आहे. १८३० मध्ये ते इलिनॉयला आले. पुढच्या वर्षी वडील थॉमस लिंकन कोल्स काउंटीत स्थिरावले, आणि बावीस वर्षांच्या अब्राहमने आपली वेगळी वाट धरली.

५/ काउंटीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते एडवर्ड कोल्स मूळचे व्हर्जिनियाचे. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे ते खाजगी सचिव होते. गुलामगिरीविरुद्ध पुढाकार घ्या, अशी विनंती त्यांनी १८१४ मध्ये जेफर्सन यांना पत्राने केली. जेफर्सन यांनी वयाचे कारण देत ती नाकारली. १८१९ मध्ये इलिनॉयकडे येताना ओहायो नदीच्या प्रवासातच कोल्स यांनी आपल्या ताब्यातील माणसांना मुक्त केले आणि पुढे त्यांच्या कुटुंबांना जमिनी दिल्या.

६/ हेच कोल्स १८२२ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर झाले. राज्यघटना बदलून गुलामगिरी आणण्याचा डाव तेव्हा जोरात होता. त्यासाठी घटनापरिषद बोलवावी का, यावर १८२४ मध्ये जनमत घेतले गेले. परिषदेच्या बाजूने ४,९७२ आणि विरोधात ६,६४० मते पडली. म्हणजे हे ‘मुक्त’ राज्य १,६६८ मतांच्या फरकाने मुक्त राहिले होते. लिंकन ज्या मतदारांपुढे पुढे उभे राहिले, त्यांची घडण या आकड्यांत दिसते.

७/ लिंकन यांची स्वतःची भूमिका? १८३७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने गुलामगिरी-उच्छेदवादी संस्थांचा निषेध करणारा ठराव केला. प्रतिनिधिगृहात त्याला विरोध करणारे फक्त सहा सदस्य होते आणि लिंकन त्यांतले एक. नंतर डॅन स्टोन यांच्यासह त्यांनी लेखी निवेदन दिले. गुलामगिरी अन्यायावर व वाईट धोरणावर उभी आहे, परंतु उच्छेदवाद्यांच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतात, असा त्याचा आशय. नैतिक नकार आणि राजकीय सावधपणा, हे दोन्ही धागे येथेच एकत्र विणलेले आहेत.

८/ १८४१ सालातले दोन प्रसंगही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीवरून निघालेल्या वादात लिंकन यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बाजू मांडली आणि ती स्वतंत्र असल्याचा निर्णय मिळवला. त्याच वर्षी केंटकीहून बोटीने परतताना त्यांनी साखळीने एकत्र बांधलेले दहा-बारा गुलाम पाहिले. त्या वेळच्या पत्रात त्यांनी लिहिले की, एवढ्या हालातही ती माणसे बोटीवर सर्वांत आनंदी दिसत होती.

९/ चौदा वर्षांनी, १८५५ मध्ये, केंटकीतील जिवलग मित्र जोशुआ स्पीड यांना लिहिताना त्यांनी याच दृश्याची आठवण काढली. आता मात्र ते म्हणतात की, ते दृश्य मला सतत यातना देत आले आहे. बोट तीच, साखळी तीच. माणसाच्या मताचा प्रवास मोजायचा असेल, तर एकाच घटनेच्या अशा दोन नोंदींइतके चांगले साधन दुसरे नाही. आणि या दोन पत्रांच्या मधोमध कोल्स काउंटीतला खटला येतो.

१०/ रॉबर्ट मॅटसन हा केंटकीचा जमीनदार. कोल्स काउंटीत त्याची शेती होती. कामाच्या हंगामात तो केंटकीहून गुलाम आणी आणि हंगाम सरताच परत पाठवी, म्हणजे ते इलिनॉयचे रहिवासी ठरू नयेत. १८४५ मध्ये आणलेल्या जेन ब्रायंट व तिच्या मुलांना मात्र त्याने परत नेले नाही. तिचा नवरा अँथनी ब्रायंट स्वतंत्र होता आणि त्याच शेतावर देखरेखीचे काम करी. १८४७ मध्ये जेन व मुलांना दक्षिणेत पाठवण्याची धमकी मिळाली, तेव्हा हे कुटुंब रातोरात पळाले.

११/ गिडियन अ‍ॅशमोर हा खानावळवाला आणि हायरम रदरफर्ड हे डॉक्टर, या दोन स्थानिक गृहस्थांनी त्यांना आसरा दिला. मॅटसनने कायद्याचा बडगा उगारला. जेन आणि तिची चार मुले चार्ल्सटनच्या तुरुंगात गेली. आपली चूक नसताना तुरुंगात बसलेल्या आईची ही गोष्ट, आणि तिच्या मालकाच्या वतीने न्यायालयात उभे राहिलेले वकील होते अब्राहम लिंकन. रदरफर्ड यांनी आपले वकीलपत्र घेण्यास त्यांना विनवले होते. परंतु मॅटसनचे वकीलपत्र त्यांनी आधीच स्वीकारले होते.

१२/ लिंकन यांचा युक्तिवाद असा: हे लोक केवळ हंगामी कामासाठी आणलेले आहेत, आणि तात्पुरत्या वास्तव्याने कोणी मुक्त होत नाही. न्यायालयाने तो फेटाळला. दोन वर्षांचे वास्तव्य तात्पुरते ठरत नाही, सबब जेन आणि तिची मुले स्वतंत्र आहेत, असा निकाल ऑक्टोबर १८४७ मध्ये लागला. लिंकन हरले म्हणून पाच माणसे मुक्त झाली. थोड्याच दिवसांत ते काँग्रेसचे सदस्य म्हणून वॉशिंग्टनला रवाना झाले.

१३/ हा खटला कसा वाचायचा? वकिलाने अशिलाची बाजू मांडावी, हा त्या काळच्या वकिलीचा संकेत होता, आणि लिंकन सर्व तऱ्हांचे खटले घेत. हे स्पष्टीकरण खरे आहे, पण पुरेसे नाही. त्याच गावात अ‍ॅशमोर आणि रदरफर्ड यांनी स्वतःवर खटला ओढवून घेतला होता. ‘त्या काळी सगळे तसेच होते’ हा बचाव कोल्स काउंटीत टिकत नाही. तिथे सगळे तसे नव्हते.

१४/ १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली. त्यामागे इलिनॉयचेच सिनेटर स्टीफन डग्लस होते. लिंकन राजकारणात नव्या आवेशाने परतले, आणि गुलामगिरीचा विस्तार रोखणे हा त्यांचा मुख्य विषय झाला. दरम्यान १८५३ मध्ये इलिनॉयने बाहेरच्या कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहण्यास मनाई करणारा कायदा केला होता. गुलामगिरी नको आणि कृष्णवर्णीय शेजारीही नको, असे म्हणणारा मोठा मतदारवर्ग तेथे होता.

१५/ १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांच्यात सात जाहीर वादसभा झाल्या. चौथी १८ सप्टेंबर रोजी चार्ल्सटनला. लिंकन तुम्हांला कृष्णवर्णीयांच्या बरोबरीला बसवतील, अशी भीती डग्लस सर्वत्र घालत होते. सभेत तशा आशयाचे चित्रफलकही झळकले. लिंकन यांनी भाषणाच्या आरंभीच खुलासा केला: सामाजिक व राजकीय समतेचा मी पुरस्कर्ता नाही, मताधिकार, न्यायपंचपद, सरकारी पदे, आंतरवर्णीय विवाह यांपैकी काहीही मला अभिप्रेत नाही, वरचे स्थान गोऱ्यांकडेच असावे.

१६/ समोर बसलेले मतदार ध्यानात घ्या. पुष्कळजण केंटकीतून आलेल्या घरांतले, लिंकन यांच्या वडिलांचे शेजारीपाजारी. श्रोत्यांचे दडपण होते, यात शंका नाही. तरी दडपण हे शब्दांचे कारण आहे, माफी नव्हे. त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की, गोऱ्यांचे स्थान वरचे म्हणून कृष्णवर्णीयांना सारेच नाकारावे, असे होत नाही. आणि शेवटच्या आल्टन येथील सभेत त्यांनी हा वाद न्याय आणि अन्याय यांमधला चिरंतन झगडा असल्याचे सांगितले. सिनेटची जागा डग्लस यांनाच मिळाली.

१७/ राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेण्यापूर्वी, जानेवारी १८६१ च्या अखेरीस, लिंकन कोल्स काउंटीत आले. सावत्र आई सेरा यांना भेटले, वडिलांच्या थडग्यापाशी गेले. १८५१ मध्ये वडील वारले तेव्हा ते अंत्यविधीला आले नव्हते. त्याआधी १८४१ मध्ये वृद्ध दांपत्याला आधार म्हणून त्यांनी वडिलांकडून ४० एकर जमीन २०० डॉलरना विकत घेऊन तिचा उपभोग त्यांच्याकडेच ठेवला होता. कर्तव्य आणि दुरावा, दोन्ही एकाच नात्यात. ही त्यांची या काउंटीला शेवटची भेट ठरली.

१८/ युद्धकाळातही जन्मभूमीची सावली सुटली नाही. १८६१ मध्ये जनरल फ्रेमाँट यांनी मिसुरीत काढलेला मुक्तीचा आदेश लिंकन यांनी मागे घ्यायला लावला. केंटकी हातची गेली तर सारा डाव गेल्यातच जमा, असे त्यांनी त्या वेळी लिहिले. १ जानेवारी १८६३ चे मुक्तिपत्र बंडखोर प्रदेशांपुरते होते. संघराज्यात राहिलेली केंटकी त्यातून वगळली गेली. म्हणजे मुक्तिदात्याच्या जन्मस्थानी मुक्तिपत्र लागूच नव्हते.

१९/ आणि कोल्स काउंटी? २८ मार्च १८६४ रोजी चार्ल्सटनच्या न्यायालयासमोर युद्धविरोधी स्थानिक गट आणि रजेवरचे सैनिक यांच्यात गोळीबार झाला. नऊ माणसे मेली. ज्या गावाने लिंकन यांचे सावध शब्द ऐकले होते, तेथेच त्यांचे धोरण रक्तपाताचे निमित्त झाले. सर्वांना राजी ठेवणारी मधली वाट तोवर संपली होती. आठवड्याभरात, ४ एप्रिलला, त्यांनी केंटकीच्याच एका संपादकाला पत्र लिहिले: गुलामगिरी चूक नसेल तर काहीच चूक नाही.

२०/ तोवर युद्धाचे रूपही बदलले होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. १ फेब्रुवारी १८६५ रोजी, गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मान्यता देणारे पहिले राज्य ठरले इलिनॉय. केंटकीने ही मान्यता १९७६ मध्ये दिली. ११ एप्रिल १८६५ च्या भाषणात लिंकन म्हणाले की, सुशिक्षित कृष्णवर्णीयांना आणि सैनिकांना मताधिकार मिळावा, असे मला वाटते. चार्ल्सटनमध्ये जे नाकारले, त्याचा एक अंश तरी साडेसहा वर्षांनी त्यांनी मान्य केला. श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली.

२१/ फ्रेडरिक डग्लस यांनी १८७६ मध्ये केलेले मूल्यमापन मला आजही सर्वांत न्याय्य वाटते. त्यांचा आशय असा: उच्छेदवादाच्या भूमीवरून पाहिले तर लिंकन मंद आणि थंड वाटतात, आपल्या देशाच्या भावना जाणून घेणे ज्याला भाग होते अशा राज्यकर्त्याच्या मापाने पाहिले तर ते वेगवान आणि निश्चयी ठरतात. स्वतः गुलामगिरीतून निसटलेला माणूस हे बोलत होता. त्याने ना आरती ओवाळली, ना पुतळा फोडला.

२२/ आपल्यासाठी यात एक जवळचा दुवा आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेथील गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. अर्पणपत्रिका कोणा राष्ट्राध्यक्षाच्या नावे नाही, लोकांच्या नावे आहे. कोल्स काउंटीचा इतिहास वाचल्यावर ही निवड अधिकच अर्थपूर्ण वाटते.

२३/ कारण या काउंटीत मुक्तीचा आरंभ राष्ट्राध्यक्षांपासून होत नाही. तो मुलांना घेऊन रात्री शेत सोडणाऱ्या जेन आणि अँथनीपासून होतो, दार उघडणाऱ्या खानावळवाल्यापासून आणि डॉक्टरांपासून होतो. लिंकन त्या वेळी समोरच्या बाजूला उभे होते. पुढे ते या बाजूला आले, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्या आधी तिथे कोण पोचले होते, हे सांगणे इतिहासाचे काम. पुढच्या वेळी यांपैकी एखादे विधान पुढे आले, तर तारीख आणि गाव जरूर विचारा.

(धागा समाप्त)