सव्वीस नोव्हेंबर, मराठवाडा आणि आम्ही

२६ नोव्हेंबर २००८ रोजी बुधवार होता. कटकला भारत-इंग्लंड सामना रंगला होता आणि नांदेडच्या देगलूर नाक्यावरील चहाच्या हॉटेलात टीव्हीपुढे नेहमीची गर्दी होती. सामना संपल्यावर कुणीतरी बातम्या लावल्या. सुरुवातीला वाटले, टोळीयुद्ध असेल. मग छत्रपती शिवाजी टर्मिनसचे नाव आले आणि हॉटेलातले बोलणे एकदम थांबले.

सीएसटी आम्हाला परके नाही. देवगिरीने किंवा तपोवनने मुंबईला जाणारा मराठवाड्याचा माणूस शेवटी तिथेच उतरतो. टाटा रुग्णालयात इलाजासाठी जाणारा, मंत्रालयात फायलीमागे फिरणारा, आखातात नोकरीला निघालेला, सारेच परतीच्या गाडीची वाट पाहत त्याच फरशीवर चादर अंथरून बसतात. त्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या त्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या याच प्रवाशांवर. पन्नासहून अधिक माणसे एकट्या सीएसटीवर गेली. त्यांत टोपीवाले होते, टिळेवाले होते, तान्ही मुले होती.

आमच्यापैकी एकाचा भाचा त्या दिवशी मुंबईत होता. त्याचा फोन लागेना. त्याची आई तस्बीह घेऊन मुसल्यावर बसली ती उठलीच नाही. पहाटे फोन लागला. पोरगा भायखळ्याला एका ओळखीच्या घरी सुखरूप होता. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही सुस्कारा टाकला. आणि खरे सांगायचे तर त्याच सुस्काऱ्यात दुसरी दुवा मागितली, ‘या अल्लाह, मारणाऱ्यांत इथला कुणी नसू दे.’

ही दुसरी दुवा आमच्या हिंदू शेजाऱ्याला मागावी लागली नाही. ती आमच्या ओठांवर का आली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते. पण त्यांचा हिशेब नंतर ज्यांच्याकडून वसूल झाला, त्यांतले बहुसंख्य रझाकार नव्हते. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर गावात एक हजारांहून अधिक मुसलमान मारले गेल्याचे समितीने नोंदवले. हा अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात बंद राहिला. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी मात्र तो वाचण्याची गरज नव्हती. दुसऱ्याच्या गुन्ह्याची वसुली आपल्या दारात येऊ शकते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांची ती भीती न सांगताच पुढच्या पिढीत उतरली.

२७ तारखेला आम्ही कामावर गेलो. एका सहकाऱ्याने अगदी मायेने विचारले, ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ त्या ‘तुमच्याकडे’ या शब्दाने आम्हाला जे वाटले ते लिहायला आजही जड जाते. आदल्या रात्री आम्हीही त्याच्यासारखेच टीव्हीसमोर बसलो होतो. पण सकाळी तो श्रोता झाला होता आणि आम्ही साक्षीदार.

शुक्रवारी २८ तारखेला ताजमध्ये गोळीबार चालूच होता. लातुरात जुम्म्याच्या नमाजनंतर मृतांसाठी आणि शहराच्या अमनसाठी दुवा झाली. मुंबईत मुस्लिम जमातीच्या विश्वस्तांनी नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास साफ नकार दिला. पुढे ९ डिसेंबरला बकरी ईद आली. देशात ठिकठिकाणी मुसलमानांनी काळ्या फिती लावून नमाज अदा केली. आम्हीही फित लावली. ती लावताना दुःख खरे होते. पण आपले दुःख लोकांना दिसले पाहिजे, ही घाईदेखील त्यात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

निषेध आम्ही केला. शोक आम्ही केला. मात्र नागरिक म्हणून जे तिसरे काम होते, ते आम्ही केले नाही. जाब विचारण्याचे ते काम होते. आणि जाब विचारण्यासाठी आम्हाला दिल्ली-मुंबईला जाण्याची गरजही नव्हती.

त्या रात्री देशाचे गृहमंत्री होते शिवराज पाटील चाकूरकर. ते लातूरचे. लातूरमधून ते सात वेळा लोकसभेवर निवडून गेले होते. राज्याचे मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. बाभळगाव, लातूर. हल्ल्यानंतर शिवराज पाटील यांनी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला. मोठ्या शहरात अशा लहानसहान घटना होतात, अशा अर्थाचे बोलून बसलेले राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील दुसऱ्या दिवशी गेले. चित्रपट दिग्दर्शकाला सोबत घेऊन ताजची पाहणी करणारे विलासरावही गेले. ८ डिसेंबरला अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. ते नांदेडचे. म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या हल्ल्यांपैकी एकाची जबाबदारी ज्यांच्यावर आली आणि तो निस्तरण्याचे काम ज्यांच्याकडे गेले, त्यांतली तीन प्रमुख माणसे आमच्या दोन जिल्ह्यांतली होती. आमच्या मतांनी ती वर्षानुवर्षे मोठी झाली होती.

गंजगोलाईत तेव्हा काय बोलले जात होते? ‘आपल्या माणसाचा बळी गेला.’ आम्हीही मान डोलावली. नांदेडात काय बोलले जात होते? ‘आपल्याला लाल दिवा मिळाला.’ तिथेही आम्ही मान डोलावली. एकशे सहासष्ट माणसे कशी मेली, हा प्रश्न दोन्ही गावांत मागच्या बाकावर बसला.

इतिहासाचा एक योगायोग इथे नोंदवला पाहिजे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. त्या वेळी देशाचे गृहमंत्री शंकरराव चव्हाण होते, नांदेडचेच. बाबरी मशीद पाडली गेली तेव्हाही गृहखाते त्यांच्याकडेच होते. १९९३ चे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरले. त्या कटात सामील झालेले आमच्याच समाजातले होते, हे कबूल केलेच पाहिजे. पण त्यांना वाट मोकळी करून देणारे सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातले लोकही न्यायालयात दोषी ठरले. लाच घेणाऱ्या हाताला धर्म विचारला गेला नव्हता.

त्यानंतर ऑगस्ट १९९३ मध्ये नौदल आणि तटरक्षक दलाची संयुक्त गस्त सुरू झाली. २००५ मध्ये किनारा सुरक्षा योजना मंजूर झाली. तरीही पंधरा वर्षांनी दहा माणसे त्याच समुद्रातून आली. त्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली, तिच्या तांडेलाला ठार केले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. कोळ्यांनी त्यांना पाहिले, हटकले. गरीब कोळ्यांचे डोळे उघडे होते. ज्यांना डोळे उघडे ठेवण्याचा पगार होता, ते कुठे होते? मराठवाड्याला समुद्र नाही. पण समुद्राने दोनदा दगा दिला तेव्हा दोन्ही वेळा देशाच्या सुरक्षेचे खाते मराठवाड्याच्या माणसाकडे होते. पहिल्या वेळचा धडा दुसऱ्या वेळी कामी का आला नाही, हे विचारण्याचा पहिला हक्क आमचा होता.

विचारण्यासारखे खूप होते. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, ताजसारखी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना आधीच आल्या होत्या. त्यांचे काय झाले? सीएसटीवरच्या पोलिसांच्या हातात एके-४७ च्या मुकाबल्याला जुन्या रायफली आणि लाठ्या का होत्या? मानेसरच्या एनएसजी जवानांना मुंबईत पोचायला पहाट का झाली? त्यांच्यासाठी विमान चंदीगडहून का आणावे लागले? गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक रिकाम्या हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकते. पण पोलिसाला रिकाम्या हातांनी लढावे लागले, ही शरमही त्या शौर्याच्या पोटात आहे.

राज्य सरकारने ३० डिसेंबर २००८ रोजी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. एप्रिल २००९ मध्ये अहवाल नांदेडच्या मुख्यमंत्र्यांच्या हाती पडला. गुप्तवार्तांवर नीट कारवाई न होणे, ठरलेल्या कार्यपद्धती न पाळल्या जाणे, नेतृत्व ठळकपणे न दिसणे यांवर समितीने बोट ठेवले. केंद्राच्या गुप्तचर यंत्रणा तिच्या कक्षेतच नव्हत्या. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आयोग बसला, जाहीर सुनावण्या झाल्या, २००४ मध्ये त्याचा अहवाल पुस्तकांच्या दुकानांत विकला गेला. आपल्याकडे केंद्राने तसा आयोग नेमलाच नाही आणि राज्याचा अहवाल लोकांसमोर ठेवण्यावरूनच वाद झाले. दरम्यान मे २००९ मध्ये विलासराव केंद्रात मंत्री झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले, जानेवारी २०१० मध्ये शिवराज पाटील पंजाबचे राज्यपाल झाले. हे तिघेही आज हयात नाहीत. गेलेल्यांविषयी वाईट बोलण्याचा आमचा हेतू नाही. राजीनामा म्हणजे जबाबदारी नव्हे, काही महिन्यांची रजा, एवढेच यातून आम्ही शिकलो.

ज्या समाजाने श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, सुंदरलाल अहवाल दाबला म्हणून खंत केली, त्या समाजाने प्रधान अहवाल मागितला नाही. आमच्या लेखी तो ‘आपला’ अहवाल नव्हता. हीच आमची चूक.

मग आम्ही काय बोलत होतो? आम्ही बोलत होतो हेमंत करकरे यांच्याविषयी. त्याला कारण होते. ६ एप्रिल २००६ ला नांदेडच्या पाटबंधारे नगरात एका घरात स्फोट होऊन दोघे मेले होते. आधी फटाक्यांचे कारण सांगितले गेले, मग बॉम्ब बनवण्याचा संशय पुढे आला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला मालेगावच्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, आणि अटक झाली ती मालेगावच्याच मुसलमान तरुणांना. अशा काळात सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाचा तपास करकरे यांनी निराळ्या दिशेने नेला. कायदा आमच्या बाजूनेही उभा राहू शकतो, असे प्रथमच वाटले. आणि त्याच माणसाला अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यासह कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत मरण आले. संशयाचे पीक उगवले. बॅ. अंतुले यांनी मंत्रिपदावर असताना जाहीर प्रश्न केला. सरकारने संसदेत कटाची शंका फेटाळली. न्यायालयांत कसाब आणि त्याच्या साथीदारावर गुन्हा शाबीत झाला. आमच्या मोहल्ल्यांत मात्र कुजबुज अनेक वर्षे चालू राहिली.

त्याच सुमारास विनिता कामटे यांनी आमच्याहून वेगळे केले. त्यांनी माहितीच्या अधिकारात पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवल्या, मिनिटामिनिटांचा हिशेब मांडला, मदत वेळेवर का पोचली नाही असे विचारले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ते पुस्तकरूपाने लिहिले. पतीच्या मृत्यूचे दुःख त्यांचे होते आणि प्रश्न आपल्या सर्वांचा होता. त्या कागद मागत होत्या, आम्ही कुजबुजत होतो. कुजबुजीला सत्ता घाबरत नाही, कागदाला घाबरते.

दुसरी दुवा कबूल झाली नाही, हेही लिहिले पाहिजे. कराचीतून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांत बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी होता, असे तपास यंत्रणांनी सांगितले. मे २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात पोलिसांच्या हातून निसटलेला हाच तरुण. २०१२ मध्ये त्याला सौदी अरबस्तानातून आणले गेले आणि २०१६ मध्ये शस्त्रसाठा प्रकरणात जन्मठेप झाली. आमच्या मातीतला मुलगा त्या वाटेला कसा लागला, हे विचारणे आमचे काम आहे. तो निसटला कसा, हे विचारणेही आमचेच काम आहे. यातला एकच प्रश्न विचारणारा अर्धा नागरिक असतो.

पुढची वर्षे पाहिली तर दुसरा प्रश्न अधिकच मोठा होतो. मालेगाव २००६ मधले मुसलमान तरुण दहा वर्षांनी, २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. नांदेड स्फोटातले आरोपी जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतील बारा जणांना निर्दोष ठरवले. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. महिनाअखेरीस मालेगाव २००८ चे सर्व आरोपीही सुटले. कुठे आमची मुले सुटली म्हणून आम्ही मिठाई वाटली, कुठे दुसरे सुटले म्हणून हळहळलो. पण मेलेल्यांच्या घरी जाऊन पाहा. त्यांच्या दृष्टीने सगळ्या निकालांचा अर्थ एकच आहे, आमच्या माणसाला कुणी मारले ते अजून ठरलेले नाही. चुकीच्या माणसाला पकडणे हीसुद्धा सुरक्षेतली चूकच आहे, कारण खरा गुन्हेगार तेवढी वर्षे मोकळा फिरतो.

आमचा तो भाचा आता लातुरात दुकान चालवतो. रेल्वेने मुंबईला गेला की आजही सीएसटीवर भिंतीला पाठ लावूनच बसतो. मध्यंतरी त्याच्या मुलाने आम्हाला विचारले, ‘मामूजान, त्या रात्री पोलीस कुठे होते?’ त्याने हल्लेखोरांचा धर्म विचारला नाही, आपला सांगितला नाही. सरळ हिशेब विचारला. सोळा-सतरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न आम्ही गंजगोलाईत आणि देगलूर नाक्यावर मोठ्याने विचारायला हवा होता. आता निदान त्याला उत्तर शोधण्याचा रस्ता दाखवू. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला कब्रस्तानच्या भिंतीबरोबर किनाऱ्यावरच्या गस्तीचेही विचारावे, आणि अहवाल कपाटात गेला की अर्ज लिहायला बसावे, हे त्याला सांगू. काळी फित संध्याकाळी सोडावी लागते. अर्जाची पोच मात्र जपून ठेवता येते.