तमाशाच्या पंढरीची चैत्रवारी

आषाढी-कार्तिकीला पंढरीची वारी निघते, हे मराठी घरातल्या लहान पोरालाही सांगावे लागत नाही. परंतु पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या मुलखात, आणखी एक पंढरी आहे. तिचे नाव नारायणगाव. तिची वारी चैत्रात भरते. तिथे टाळ-मृदंग नसतात. ढोलकी, हलगी आणि कडे असते. तिचे वारकरी म्हणजे गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच. लोक या गावाला कौतुकाने ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात, आणि ते नाव त्याने फुकट मिळवलेले नाही.

हल्ली मोठ्या शहरांतून गाण्याचे मोठमोठे उत्सव होतात. पुण्यातच २०१० साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ नावाचा असा एक उत्सव सुरू झाला. एकाच मैदानात निरनिराळी व्यासपीठे, निरनिराळ्या तऱ्हांचे संगीत आणि ज्याला जे रुचेल ते त्याने ऐकावे, अशी त्याची मांडणी. तरुण मंडळींना ही कल्पना अगदी नवी वाटली. पण आपल्या घाटावरच्या यात्रांतून भक्तीपासून थट्टेपर्यंत आणि पोवाड्यापासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत सारे एका रात्रीत, एकाच बोर्डावर मांडायची रीत जुनीच आहे. फरक एवढाच, की इथे तिकीट नसते. साऱ्या गावाने घरटी वर्गणी काढलेली असते आणि पहिला श्रोता असतो तो ग्रामदेव.

हा व्यवहार चालतो कसा, ते आधी पाहू. महाशिवरात्रीच्या सुमारास नारायणगावात हमरस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या पडू लागतात. प्रत्येक राहुटीपुढे फडाच्या नावाचा रंगीत फलक. आत सतरंजी, फडाचा व्यवस्थापक, तारखांची वही आणि पंचांग. पाडव्याच्या दिवशी तर इथे बाजारच भरतो. पुणे, नगर, नाशिक, सातारा, ठाणे अशा निरनिराळ्या मुलखांतून पंच येतात. या राहुटीतून त्या राहुटीत जातात. सोंगाड्या कोण, नाचणाऱ्या किती, यंदाचा वग कोणता, याची चौकशी करतात. मग घासाघीस होते. चैत्री पौर्णिमा आणि त्यापुढची कालाष्टमी या दिवशी कितीतरी गावांच्या यात्रा एकदम येतात. म्हणून त्या तारखांचा भाव चढा. तिथी सरली, की तोच फड पुष्कळ कमी बिदागीत मिळतो. सौदा ठरला की इसारा देऊन ‘सुपारी’ पक्की करायची. मोठ्या फडाचा आकडा आता लाखांत जातो.

हा बाजार नारायणगावातच का भरावा? त्याचे पहिले उत्तर रस्ता देतो. गाव पुणे-नाशिक मार्गावर, पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरांवर आहे. थोडे पुढे आळेफाट्याला कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता या मार्गाला छेदतो. म्हणजे घाटाखालचे, गंगथडीचे आणि नगर भागातले लोक एका दिवसात येऊन परत जाऊ शकतात. जुन्नरला हे नवे नाही. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने चढून येणारा व्यापार याच मुलखात उतरत असे आणि इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आजही वाचता येतात. मालाचा सौदा करणाऱ्या मुलखाने पुढे गाण्याचाही सौदा केला, एवढेच.

दुसरे उत्तर माणसांचे आहे. याच रस्त्याने उत्तरेला गेले की संगमनेर लागते. पेशवाईतला नामांकित शाहीर अनंत फंदी तिथला. त्याच तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ओळखली जाते; तिच्या आधी लुगडे नेसून नाचायचे ते पोरगे, ‘नाच्या’. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी गावची वतनदारी सोडून तमाशात आले, पठ्ठे बापूराव झाले आणि त्यांच्या फडात पवळेने महाराष्ट्र वेडा केला. दक्षिणेला आंबेगाव तालुक्यात अवसरी आहे. वसंत अवसरीकरांनी हेच गाव आपल्या नावापुढे मिरवले. फडकरी आपले आडनाव मागे ठेवतो आणि गावाचे नाव पुढे करतो, ही इथली रीत.

नारायणगावाचे नाव गाजवले ते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने. भाऊ आणि बापू हे खुडे घराण्यातले दोघे बंधू. फलकावर त्यांनी आपली जात उघड लिहिली, याचा अर्थ आजच्या वाचकाने थोडा थांबून समजून घ्यावा. मांग, महार, कोल्हाटी, गोपाळ अशा ज्या जातींनी तमाशा वाढवला, त्यांना त्या काळी देवळाची पायरी चढता येत नव्हती, पाणवठा शिवता येत नव्हता. पण यात्रेच्या रात्री त्याच देवाच्या नावाने बोर्ड उभा राही आणि गणाचे पहिले शब्द याच गळ्यांतून निघत. गाव त्यांना वेशीबाहेर ठेवी आणि वर्षातून एकदा वाजतगाजत आत बोलावी. हा विरोध ज्याने लक्षात घेतला नाही, त्याला या उत्सवाचा इतिहास कळलाच नाही.

भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म १९३५ चा आणि तोही पंढरपूरचा. लहानपणीच पायात चाळ बांधले ते आयुष्यभर सोडले नाहीत. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा सन्मान झाला. तिची एक हकिगत सगळ्या मराठी मुलखात सांगितली जाते. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती. कळा सुरू झाल्या तशी मागे कनातीत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि लोक खोळंबले आहेत म्हणून पुन्हा पुढे यायला निघाली. ऐकणारे ‘वाहवा’ म्हणतात. आम्हांला मात्र वाटते, की या गोष्टीत वाहवा म्हणण्याजोगे जेवढे आहे, तेवढेच मान खाली घालण्याजोगेही आहे. नवव्या महिन्यात तिला चाळ बांधावे लागले, ते का? सुपारी घेतलेली होती म्हणून. खेळ मोडला तर बिदागी बुडणार आणि तिच्या पायांवर सारा फड जेवत होता.

आता प्रत्यक्ष यात्रेत डोकावू. सकाळी मांडव-डहाळे, देवाला हारतुरे, दुपारी घाटात बैलगाड्यांच्या शर्यती. या शर्यती २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने बंद पडल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. रात्री पालखीचा छबिना आणि मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कलावंतांची ‘हजेरी’ आणि हजेरीनंतर कुस्त्यांचा आखाडा. नारायणगावच्या स्वतःच्या मुक्ताबाई-काळोबाच्या यात्रेत तर रात्रीमागून रात्री तमाशे होतात.

तमाशाचा क्रम ठरलेला. प्रथम गण, गणपतीला वंदन. मग गौळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, आडवा येणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मावशीच्या एकेका बोलाला आजोबा आणि नातू एकदमच हसतात. पुढे बतावणी, लावण्या, सवाल-जवाब आणि शेवटी वग. वग म्हणजे पुरे नाटकच: राजा, प्रधान, दरोडेखोर, सती. पहिला वग ‘मोहना-बटाव’ १८६५ चा धरतात. पूर्वी वग संपता संपता तांबडे फुटायचे आणि माणसे डोळे चोळत थेट शेताकडे जायची.

हा क्रम ताणला कसा गेला, हाच या उत्सवाचा खरा इतिहास. स्वातंत्र्य आल्यावर लगेच मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. कलावंतांनी गाऱ्हाणे घातले. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर बोर्ड पुन्हा उभा राहिला. फलकांवर ‘लोकनाट्य’ हा शब्द आला. मग सिनेमा आला. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. तमाशावरचा सिनेमा एवढा चालला, तेव्हा तमाशाने सिनेमाची गाणी घेतली नसती तरच नवल. प्रेक्षकांनी फर्माईश केली, फडाने ती पुरवली. लावणीशेजारी सिनेमाची लावणी, तिच्याशेजारी हिंदी गाणे, मग कोळीगीत, गोंधळ, कव्वाली. ढोलकीच्या जोडीला ऑर्गन आला, ड्रम आले. जुनी मंडळी नाके मुरडतात. पण गवळणींच्या थट्टेत देवालाही ओढणाऱ्या या कलेने दार कधी लावले होते? जे लोकांच्या तोंडी आहे ते बोर्डावर आणायचे, हाच तिचा धर्म.

पैसाही बदलला. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली आंबेगाव हे मूळ गाव गेले आणि तालुक्याला नाव तेवढे उरले. कालव्याच्या पाण्याने ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे आली. वर्गणीचा आकडा वाढला, फड मोठे झाले. शंभराहून जास्त माणसे, ट्रक, जनरेटर, विजेच्या माळा. टेंभ्याच्या उजेडात नाचणाऱ्या पवळेला हा झगमगाट ओळखूही आला नसता.

पण या वाढीत एक गोष्ट घटली, ती म्हणजे रात्र. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद झाला. सरकारला वर्षातले मोजके दिवस ती वेळ १२ पर्यंत वाढवता येते, तेवढीच सवलत. नियमाला दोष देता येत नाही. आजाऱ्याला झोप हवी, परीक्षेच्या पोराला शांतता हवी. परंतु त्याचा भार पडला तो शेवटच्या अंगावर. गाणी कमी केली तर पुढच्या रांगा ओरडतात. म्हणून कात्री चालते ती वगावर. गण देवाचा, तो सुटत नाही; गाणी पंचांच्या आवडीची, ती सुटत नाहीत. ज्या वगासाठी म्हातारी माणसे घोंगडी घेऊन बसायची, तो अर्ध्या तासात आटोपतो, नाहीतर होतच नाही. सोंगाड्याचा हजरजबाब आणि सरदाराचे पल्लेदार बोल हे शिकवून येत नाही. रोज रात्री बोर्डावर उभे राहूनच येते. वग गेला तर ते शिकण्याची शाळाच बंद पडते.

आणि उचल? ती मात्र घटली नाही. हंगामाआधी फडमालक सावकाराकडून रक्कम उचलतो. त्यातून कलावंतांना उचल देतो आणि कलावंत ती पावसाळ्यात, बेकारीच्या महिन्यांत खाऊन टाकतात. मग पुढचा सारा हंगाम तिची फेड. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा नारायणगावच्या राहुट्या ओस पडल्या. सुपाऱ्या नाहीत, पण कर्ज आहेच. कोणी मजुरी केली, कोणी भाजी विकली. तमाशाची थोर कलावती कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये, त्याच दिवसांत गेली.

विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेली. शेवटचे दिवस हलाखीचे आणि आजारपणाचे होते. पुढे महाराष्ट्र शासनाने तिच्या नावाने तमाशातल्या जीवनगौरवाचा पुरस्कार ठेवला. पहिला मान कांताबाईंचा झाला, पुढे वसंत अवसरीकरांना मिळाला, विठाबाईची कन्या मंगला बनसोडे यांनाही मिळाला. पुरस्कार चांगलाच. पण बोर्डावरच्या माणसाला म्हातारपणी औषधाचे पैसे असावेत, ही गोष्ट पुरस्काराने भागत नाही. ती राहुटीतल्या सतरंजीवर, सौदा होताना ठरते. घासाघीस करणारे पंच आपल्यातलेच असतात.

वाचकहो, विजयादशमीला नारळ फोडून फड बाहेर पडतात. आपल्या दारी आकाशकंदील लागतो त्या सुमारास एखाद्या बाजाराच्या गावी त्यांची कनात ताणली जात असते, आणि ट्रकच्या आडोशाला चुलीवर भात शिजत असतो. तिथून हिंडत हिंडत ते पाडव्याला नारायणगावी पोहोचतील. चैत्रात आपल्या गावची यात्रा असेल तर जरूर जावे, पोराबाळांना घेऊन जावे, गौळणीला पोटभर हसावे. आणि पंचांत ओळख असेल तर सुपारी देतानाच एक अट घालावी: खेळ दिवस मावळताच लावा, दोन गाणी कमी झाली तरी चालतील, बिदागीत हात आखडू नका, पण वग पुरा झाला पाहिजे.