देवळालीचा ताप

आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात 'डोकं फिरलेला' या अर्थानं जाऊन बसलंय. शब्द आहे 'डूलॅली' आणि गाव नाशिकजवळचं देवळाली. इथं मुनिरक्यात आमच्या एका शेजाऱ्यांना हे सांगितलं, तर त्यांना खरंच वाटेना. त्यांची लंडनची नातवंडं हा शब्द सर्रास वापरतात!

आम्हा फौजींना देवळाली ठाऊक असते ती तोफखान्याच्या शाळेमुळे. मुंबईकर तिथं हवापालटाला जायचे. मग एवढ्या चांगल्या हवेच्या गावाला हे नाव का चिकटलं?

इंग्रजांच्या काळात तिथं गोऱ्या शिपायांची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपली की शिपाई देवळालीला यायचा, तिथून मुंबई बंदर आणि मग विलायतेची बोट. पण पलटणी नेणाऱ्या बोटी साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. शेवटची बोट चुकली, की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. कवायत नाही, काम नाही, खिशात साठलेला पगार, जोडीला दारू आणि हिवताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायानं 1936 साली छापलेल्या आठवणींत या छावणीबद्दल लिहिलंय.

ज्यांनी रिकामं बसून वाट पाहिलेली नाही, त्यांना हे कळणार नाही. लढाईत माणूस टिकतो, पण घरी जायची तारीख नक्की नसली की आतून खचतो. त्यामुळे या शब्दाचं मला तरी हसू येत नाही.

गोऱ्यांच्या जिभेला आपला 'ळ' काही पेलला नाही. देवळालीची देओलाली झाली आणि पुढे डूलॅली. मूळ शब्दप्रयोग होता 'डूलॅली टॅप'. हा 'टॅप' म्हणजे नळही नव्हे आणि टपलीही नव्हे. तो हिंदुस्तानीतला 'तप', म्हणजे आपला ताप. थोडक्यात, देवळालीचा ताप. आपणही वैतागलो की 'डोक्याला ताप' म्हणतोच की!

शिपायांबरोबर हा शब्द विलायतेला पोचला, आणि पुढे त्यातला ताप गळून नुसतं गाव उरलं. बीबीसीनं 1974 ते 1981 या काळात दाखवलेली 'इट एन्ट हाफ हॉट, मम' ही विनोदी मालिका सुरू होते, ती याच देवळालीच्या छावणीत.