धर्मशाळेचें दार

यवतमाळ जिल्ह्यांतील आमच्या घाटंजीसारख्या गांवीं ज्याचें स्वतःचें घर आहे, दारापुढें तुळस आहे, पोटापुरतें शेत आहे, त्यास बेघर कोण म्हणेल? परंतु हाच गृहस्थ घरांतील दुखणाईत माणसास घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळाशीं येतो. रोग्यास आंत खाट मिळते. ह्यानें बाहेर रात्र कोठें काढावी, हें कोणीच सांगत नाहीं. मनुष्य तोच, अब्रूही तीच. पण रस्त्याच्या कडेला पथारी पसरतांच शहराच्या लेखीं तो भिकारी ठरतो. जेथें आपण आहों तेथें आपल्याला दार नसणें, हाही बेघरपणाच होय. हें ज्यानें नेमकें ओळखलें, असा एक पुरुष वऱ्हाडांत होऊन गेला. त्याच्या कार्याकडे ह्या दृष्टीनें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाटसरूस निवारा देणें हा आपल्याकडील जुना धर्म. क्षेत्राच्या ठिकाणीं धर्मशाळा, वाटेवर पाणपोई, गांवांत पार, हीं त्याचीं परिचित रूपें होत. मात्र ह्या धर्माला दोन मर्यादा होत्या. धर्मशाळा बहुधा तीर्थाशीं बांधली जाई, संकटाशीं नव्हे. आणि तिचें दार सर्वांस उघडें नसे. अस्पृश्य मानला गेलेला वारकरी पायीं चालत पंढरीस पोंचला, तरी त्यास देऊळ तर बंद होतेंच, पण विसाव्याची ओसरीही परकी होती.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगे महाराज, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परीट कुळांत झाला. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, हातांत खराटा आणि जवळ मडक्याचें एक गाडगें, एवढाच त्यांचा संसार. गांवांत शिरतांच ते आधीं रस्ता झाडीत आणि मग भाकरी घेत. ह्या साध्या रीतींत मोठें शहाणपण होतें: देणाऱ्यास उपकाराचा ताठा नको आणि घेणाऱ्यास मान खालीं घालणें नको. पंढरपुरास त्यांनीं चोखामेळा धर्मशाळा उभारिली ती नेमकी नाकारलेल्या वारकऱ्यांसाठीं. पुढें ती त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी येथेंही धर्मशाळा झाल्या. स्वतःसाठीं मात्र त्यांनीं झोंपडीही बांधली नाहीं.

परंतु आमच्या मतें त्यांच्या दृष्टीचा खरा पल्ला दिसतो तो मुंबईंत. १९५४ सालीं जे. जे. रुग्णालयाशीं रोग्यांच्या नातलगांकरितां धर्मशाळा झाली. तेथें देव नव्हता, पर्वकाळ नव्हता. होतीं तीं चिंतेनें जागणारीं माणसें. त्यांना पाठ टेकण्यापुरती जागा हवी होती, आणि गांठोडें निर्धास्त ठेवतां येईल असा एक कोपरा. नव्या काळाची पंढरी इस्पितळाच्या फाटकाशीं भरते, हें एका निरक्षर कीर्तनकारानें ओळखलें.

आम्हां शिकलेल्यांची दृष्टि ह्याहून वेगळी होती. इंग्लंडांत १८३४ च्या गरीब-कायद्यानें आश्रयगृहांतील जिणें मुद्दाम इतकें कष्टाचें ठेविलें, कीं अगदीं हलाखीच्या मजुरासही तेथें जावेंसें वाटूं नये. निराश्रिताकडे संशयानें पाहण्याची ही वृत्ति इकडेही रुजली. महाराज २० डिसेंबर १९५६ रोजीं निवर्तले. आणि १९५९ च्या मुंबईच्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्यानें भीक मागणाऱ्यास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस दिला. पहिल्याच वेळीं एक ते तीन वर्षे अटकाव करण्याची तरतूदही त्यांत होती. एकानें दार उघडलें होतें. दुसऱ्यानें कडी घातली.

मीही हा फरक पुस्तकांतून शिकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वी वडिलांस घेऊन मुंबईस गेलों असतां, निवाऱ्याची सोय होईपर्यंत दोन रात्री मला इस्पितळाबाहेर काढाव्या लागल्या. इतिहासाचा प्राध्यापक असल्याचा तेथें कांहींच उपयोग नव्हता. कोणी ओळखीचें पाहील, ह्या लाजेनें मी उभाच राहिलों होतों. तेव्हां शेजारच्या एका वऱ्हाडी म्हाताऱ्यानें आपली सतरंजी निम्मी मोकळी केली. जात नाहीं, नांव नाहीं, हुद्दा नाहीं; त्यानें विचारलें तें एवढेंच, “कोन आहे आंत, बाप का लेकरू?” मी वडील म्हणून सांगितलें. “मंग निजा बापू,” तो म्हणाला, “माही त पोरगी हाय.”

त्या रात्रीं तो जागाच होता. महाराजांनीं चुन्याविटांनीं जें उभें केलें, त्याचा पाया अशा निम्म्या सतरंजींत आहे. आणि ती पसरण्यासाठीं कोणास महाराज व्हावें लागत नाहीं.